नवरात्रात बंद केलेली कॅप्सूल

लॉकडाऊनमध्ये शाळेची व्हॅन उभी राहिली आणि तिच्याबरोबर तिचे ड्रायव्हर रंगरावही. पुढे शाळा उघडल्या, व्हॅनला नवी बॅटरी घातली, ती चालू झाली. रंगराव काही झाले नाहीत. धायरीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कुणी विचारलं की, "काही नाही जी, जरा पडलो." हाच माणूस वाशीमहून पुण्याला येताना अख्ख्या एसटीला आपली जीवनकथा ऐकवत आला होता. त्यामुळे त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी ओळखलं की हे नुसतं पडणं नव्हे.

डॉक्टरांनी रोज सकाळी एक कॅप्सूल दिली. हळूहळू रंगराव उठले आणि व्हॅन कर्वेनगरच्या गल्ल्यांतून पुन्हा फिरू लागली. फुकटात मात्र काही मिळालं नव्हतं. तोंडाला कोरड पडायची, थंडीतही सदरा भिजायचा, आणि जांभया अशा, की मागची पोरं त्यांवर पैजा लावायची. आणखी एक परिणाम होता. त्याबद्दल रंगराव डॉक्टरांशी बोलले नाहीत आणि द्वारकाबाई कुणाशीच. गोळी मनानं बंद करायची नाही, वेळ आली की मीच हळूहळू कमी करीन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रंगरावांनी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं?

यंदा त्यांनी माहूरच्या रेणुकेला नवस बोलला. नऊ दिवस उपवास करतो, अनवाणी राहतो, पण हे डोक्यातलं घेऊन जा. घटस्थापनेच्या सकाळी व्हॅन शाळेला जाणाऱ्या स्पृहाच्या दारात थांबली. स्पृहाची आजी कुसुमताई निवृत्त शिक्षिका. निवृत्ती फक्त शाळेपुरती. रंगराव पाण्याबरोबर कॅप्सूल गिळत होते.

"उपवास वाटतं?" कुसुमताईंनी विचारलं.

"हो ताई, नऊ दिवस."

"वा. पायात चप्पल नाही आणि पोटात हाडं. त्या कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडांपासून करतात. आपल्याला ठाऊक नसेल."

एवढं बोलून त्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. पुण्यात हे रोजचंच. टोमणा मारणारा विसरतो, ऐकणाराही दुपारपर्यंत विसरतो. रंगराव विसरले नाहीत. देवीला आजार ने म्हणायचं आणि तिच्या घटासमोर हाडं खायची? त्यांनी घरी येऊन गोळ्यांचं पाकीट कपाटावर टाकलं. डॉक्टरांना फोन करावा, असं एकदा मनात आलं. पण उपवासाचं कुणी डॉक्टरला विचारतं का?

पहिले एक-दोन दिवस बरे गेले. मग मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका येऊ लागला. मळमळ सुरू झाली, जमीन हलायला लागली, कारण नसताना रडू यायचं. द्वारकाबाईंनी ही उपवासाची कमजोरी ठरवून ताटात भगर वाढवली. मंडळाच्या आरतीत झांजा वाजल्या आणि रंगरावांचं अंग थरथरायला लागलं, ते हमसून हमसून रडू लागले. देवी आली, देवी आली, अशी कुजबूज झाली. कुणी कपाळभर कुंकू लावलं. एका बाईनं मुलीच्या लग्नाचं विचारलं. रंगराव म्हणत होते, डोक्यात झटके येताहेत. त्या बाईनं तो होकार समजून नमस्कार केला. नवऱ्याकडे लोक आदरानं बघताहेत हे द्वारकाबाईंना कित्येक वर्षांनी दिसत होतं. कपाटावरच्या पाकिटाची आठवण त्यांना तरी कशी व्हावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनच्या आरशाकडे डोळे वळवले की झटका येत होता. म्हणून रंगरावांनी आरशात बघणंच सोडलं. कर्वेनगरच्या वळणावर मागून टेम्पो घुसला, तो त्यांना दिसलाच नाही. तो अगदी लगत आल्यावर त्यांनी व्हॅन झटकन वळवली आणि ती दुभाजकावर चढली. बाकी पोरं नुसती घाबरली. पुढच्या सीटवरच्या स्पृहाचा ओठ फाटला, पुढचे दोन दात गेले. पक्के दात.

दवाखान्यात रंगरावांनी खरं ते सांगितलं: गोळी चालू होती, मी मधेच बंद केली, तेव्हापासून असं होतंय. शेजारी उभ्या असलेल्या सलिलनं, स्पृहाच्या बापानं, वाक्याचा पहिला तुकडा उचलला. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर तेवढाच फिरत होता: ड्रायव्हर डोक्याच्या गोळ्या खातो. व्हॅन दुसऱ्याला द्यायची, हेही तिथेच ठरलं.

डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली. झटके कमी झाले. दसऱ्याला रंगराव चप्पल घालून स्पृहाला बघायला गेले. कुसुमताई दारातच उभ्या राहिल्या.

"चांगली चालू होती, बंद कशाला केलीत?"

"नवरात्र होतं, ताई."

कुसुमताईंचा आवाज खाली आला. "अहो, मी आपलं बोलले. औषधाला कसला आलाय उपवास?"

"तेवढं त्या दिवशी बोलला असता, तर."

आत पडद्याआडून स्पृहा तोंडावर हात धरून बघत होती. हात न काढताच तिनं विचारलं, "आजी, शाळा सुरू झाली की काका येणार ना?"

रंगराव कुसुमताईंकडे बघत राहिले. पालकांच्या ग्रुपवर कुसुमताईंचा एक शब्द पुरला असता.

"नाही," कुसुमताई नातीला म्हणाल्या. "ते गोळ्या घेतात." आणि त्यांनी दार लावून घेतलं.