गटारबाईंचा पेला

गटारबाई आमच्या वस्तीत कुणाच्याही घरचं पाणी पीत नसत. चहा प्यायच्या, आग्रह केला तर दोन कपही प्यायच्या. पाण्याचा पेला पुढे केला की मात्र हात आडवा. "नको गो, पाणी नको."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागे आमची वस्ती. निम्मी घरं आमची, बौद्धांची. आमच्या दारात येऊन पाणी नाकारणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला काय वाटतं, हे समजावून सांगायला नको. त्यात मी पत्रकं लिहिणारी मुलगी. एकदा तोंडावरच विचारलं, "मॅडम, आमच्या पाण्याचा विटाळ होतो का तुम्हाला?"

"गप गं!" आई ओरडली.

बाई चिडल्या नाहीत. "तुमच्या नाल्यात काविळीचा विषाणू सापडतोय. नळात शिरलाय असा मला संशय आहे, पण अजून सिद्ध करता येत नाही. मी पीत नाही, तुम्हीही तसंच पिऊ नका. उकळा. पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय ना?"

सांगत होत्या खऱ्या, दारोदार. पण दोरीने नाल्यात बादली सोडून घाण पाणी बाटलीत भरणाऱ्या बाईचं ऐकतं कोण? सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ होत्या त्या. पोरांनी त्यांची गटारबाई केली आणि मोठ्यांनी तेच नाव उचललं.

"आणि पेल्याचं म्हणशील," त्या म्हणाल्या, "तर आमच्या घरी माझाच पेला वेगळा आहे."

बोरिवलीला धाकट्या भावाकडे राहायच्या. लग्न केलं नव्हतं. गटाराला हात लावतात म्हणून भावजयीने त्यांचं ताट आणि पेला मोरीजवळच्या फळीवर ठेवला होता. "पोरं लहान आहेत तिची. भीती वाटणारच."

मी पेटले. "आणि तुम्ही ऐकून घेता? मी तो पेला रस्त्यावर फेकला असता!"

"तू फेकशील गो. तुझ्या बाजूने भांडायला तुझी आई आहे."

नळाचे पाइप तपासा म्हणायला पाणी खात्याच्या साहेबाकडे त्यांच्याबरोबर मीही गेले होते. साहेब हसला. "मॅडम, नाल्यात घाण नाही तर काय अत्तर सापडणार? पेशंट दाखवा." पेशंट दवाखान्यात नव्हतेच. सगळे कावीळ उतरवणाऱ्या बाबाकडे. तो हाताला चुना लावायचा, पाणी ओतायचा, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! त्याच्याविरुद्ध माझं पत्रक तयार होतं. बाईंनी थांबवलं. "छाप, पण आधी मला पेशंट गाठू दे. आज त्याला पळवलंस तर हे लोक घरात लपतील."

मग दर रविवारी त्या बाबाच्या दारात बसू लागल्या. मांडीवर बर्फाची पेटी, शेजारची जागा रिकामी. त्या आल्या की लोक सरकून बसायचे. कुणी तपासायला रक्त द्यायला तयार नसे. तरी बसायच्या. पोटुशी दिसली की पहिला प्रश्न, "कितवा महिना?" इतरांना ही कावीळ महिनाभर अंथरुणात ठेवते, पोटुशीचा जीव घेऊ शकते.

तिथेच त्यांना माझी वहिनी दिसली. सातवा महिना, डोळे पिवळेजर्द. मी भांडेन म्हणून आईने तिला गुपचूप नेलं होतं. बाई आईला एका शब्दाने बोलल्या नाहीत. रिक्षा थांबवली आणि वहिनीला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या.

वहिनी वाचली. बाळ नाही.

वहिनीच्या रक्तातला विषाणू आणि नाल्यातला विषाणू एकच निघाला. साहेबाला पेशंट मिळाला! नाल्यातून जाणारी नळाच्या पाण्याची गंजकी पाइपलाइन बदलली. एक पाइप बदलून घ्यायला आमच्या घरातलं मूल जावं लागलं. हे मी प्रत्येक पत्रकात लिहिते आणि लिहीत राहणार.

नव्या पाइपचं पाणी आलं. बाई ते तपासत राहिल्या, नालाही तपासत राहिल्या. विषाणू सापडेनासा झाला. मग वरून हुकूम आला, काही सापडत नाही तर तपासणी कशाला? बंद. बाईंची बदली नागपूरला.

शेवटच्या दिवशी निरोपाला कुणी आलं नाही. त्यांनी बादली धुतली, दोरी गुंडाळली आणि आमच्या दारात आल्या. आई चहा ठेवायला उठली.

"चहा नको आज. पाणी द्या."

वहिनीने नळाखाली पेला धरला आणि भरून दिला. बाईंनी तो एका दमात संपवला. मग सवयीने मोरीकडे वळल्या. "हा धुऊन कुठे ठेवू?"

"द्या इकडे," वहिनी म्हणाली. तिने पेला विसळला आणि आमच्या पेल्यांच्या रांगेत पालथा घातला.

बाई बघत राहिल्या. "आता यातला माझा कुठला, कळायचं नाही गो," म्हणाल्या, आणि पेटी उचलून निघाल्या.

नाल्यात आता कुणी बादली सोडत नाही. म्हणून आम्ही घरी पाणी उकळायला लागलो. वहिनीच उकळते.