तेलवाल्याची वर्गणी

नऊ नोव्हेंबर, रविवार. रक्कम सात हजार चारशे रुपये; पाचशेच्या चौदा नोटा आणि शंभराच्या चार. हजर माणसे तीन : माझे वडील, माझी पत्नी आणि मी. जागा आमच्या घरातले जेवणाचे टेबल. बांगडे अजून साफ व्हायचे होते, म्हणजे सकाळचे साडेनऊ झाले असतील.

वडिलांनी नोटा बोटांनी चाचपून दोन गठ्ठे केले आणि माझ्याकडे सरकवले.

"एवढ्यात दोघांचं होईल का बघ," ते म्हणाले. "जाणं-येणं, तिकडचं तिकीट आणि सातवा भाग."

"कुठे जायचंय बाबा?"

"कुठे म्हणजे? तूच वाचून दाखवलंस की. मुंबईचा मेळावा."

पत्नीने विळीवरून माझ्याकडे पाहिले. तिला काय म्हणायचे होते ते मला कळले.

चूक माझीच होती. मला लिहिताना मोठ्याने बोलायची सवय आहे. एका कोल्ड स्टोरेजच्या हिशेबाला मी बावीस वर्षे आहे. आकडा तोंडाने उच्चारला की चुकत नाही. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या नव्या पुस्तकांसाठी माझे वेगळे रजिस्टर आहे. त्यात तीन रकाने आहेत : जाहीर झालेली तारीख, पुढे ढकललेली तारीख आणि पुस्तक प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख. जानेवारीत मुंबईला अशा पुस्तकांच्या वाचकांचा दोन दिवसांचा मेळावा आहे, तिथे आमच्या मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग मिळणार आहे, हे मी लिहिता लिहिता बोलून गेलो. बाबा झोपाळ्यावर होते. त्यांचे डोळे गेलेत, कान नाही.

बाबा मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये सव्वीस वर्षे होते. हुद्दा ऑइलर. आपल्याकडे तेलवाला म्हणतात. दर खेपेला ते परदेशी बंदरातून जुनी इंग्रजी पुस्तके आणायचे. त्यांना ती वाचता येत नसत. मुखपृष्ठावर अवकाशयान असले की घ्यायचे, एवढीच त्यांची पारख. मी शाळेत होतो. शब्दकोश घेऊन वाचायचो आणि त्यांना मराठीत सांगायचो. ते प्रत्येक यान बोटीच्या हिशेबाने तपासत.

"माणसं किती?"

"चारशे."

"प्रवास किती वर्षांचा?"

"अकरा."

"तांदूळ किती नेलेत?"

"त्यात लिहिलं नाही."

"मग फेक ते. हा लिहिणारा बोटीवर गेलेला माणूसच नाही."

मग मी तांदळाचे गणित करायचो. माझा आकड्यांचा नाद तिथून सुरू झाला असे मला वाटते.

निवृत्त झाल्यावरही नव्या पुस्तकाची वाट बघणे सुटले नाही. नवीन पुस्तक यायचे असले की बाबा विचारत, "बोट कधी लागते?" तारीख पुढे गेली की म्हणत, "वारा पडला असेल." आमच्या मालिकेच्या चौथ्या भागाचा वारा तीनदा पडला, तिन्ही तारखा रजिस्टरात आहेत.

ही मालिका एका जुन्या, सारख्या बिघडणाऱ्या यानाची आहे. त्याच्या इंजिनाशी एक म्हातारा आहे. पुस्तकात त्याला नाव नाही, सगळे त्याला ऑइलर म्हणतात. मी साहजिकच 'तेलवाला' केले. बाबांना दुसरे कोणतेच पात्र फारसे आठवत नसे. राण्या, सेनापती, सात ग्रह, सगळे एकीकडे आणि तेलवाला एकीकडे.

तिसऱ्या भागाच्या सुमारास बाबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. त्यांना कडेचे दिसते, मधले दिसत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर ते त्याच्या कानाच्या पलीकडे बघतात. त्यामुळे वाचनाची वेळच ठरून गेली. संध्याकाळी साडेसहाला, दिवा लावून झाला की, रोज अकरा पाने. मी इंग्रजीतून बघत मराठीत सांगायचो. त्यासाठी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती पाने आधी वाचून ठेवायचो. आई लसूण सोलत तिथेच बसे. तिला यानाबिनात रस नव्हता, पण त्या दिवशीचे वाचन संपले की ती हमखास विचारी, "तुमचा तो तेलवाला जेवला का?"

जेवला असेल तर मी सांगायचो. नसेल तर बाबा म्हणत, "ड्यूटी संपल्यावर जेवेल."

आई दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेली. पाचवा भाग त्यानंतर त्रेचाळिसाव्या दिवशी कुरिअरने आला. दोनशे शहाऐंशीव्या पानावर तेलवाला मरतो. यान वाचवायला तो आत जातो, झडप बंद करतो आणि बाहेर येत नाही. मी ते दुपारी कामावर, डबा उघडा ठेवून वाचले. संध्याकाळी साडेसहाला बाबा नेहमीसारखे पाय वर घेऊन बसले. मी दोनशे शहाऐंशीवे पान उघडले आणि म्हणालो, "शेवटी झडप उघडली. तेलवाला बाहेर आला."

"भाजला का?"

"थोडा. हातावर."

"खोबरेल लावायला हवं," बाबा म्हणाले.

एकदा जिवंत ठेवलेला माणूस जिवंतच ठेवावा लागतो. पाचव्याचा उरलेला भाग आणि संपूर्ण सहावा भाग मी त्याला सांभाळला. इतरांची वाक्ये त्याच्या तोंडी घातली. कोणती, ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहीत गेलो, नाहीतर माझाच घोळ झाला असता. एकूण त्रेचाळीस वाक्ये झाली. आईच्या दिवसांचा आकडाही तोच, हे मी लिहिताना पाहिले. त्या वाक्यांतली सात माझ्या पदरची.

हे फक्त पत्नीला माहीत होते.

"सांगून टाका," त्या रविवारी बांगडे तळताना ती म्हणाली. "तिकडे चार माणसं भेटणार. कोणीतरी बोलणारच."

"बघू."

"हिशेबात रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही तुम्ही, आणि मेलेला माणूस दीड पुस्तक बोलता ठेवलात. अहो, त्यांना लोकांसमोर कळलं तर कसं वाटेल?"

मला भीती तीच होती. बाबा मी सांगेन ते ऐकतात, कारण दुसरा उपाय नाही. औषधाची चिठ्ठी, विजेचे बिल, वर्तमानपत्र, बँकेचे पुस्तक, सगळे माझ्या डोळ्यांनी. एक गोष्ट खोटी निघाली तर बाकीच्यांचे काय?

जानेवारीत आम्ही दोघे सकाळच्या गाडीने निघालो. संगमेश्वर जाईपर्यंत सांगायचे असे मी ठरवले होते. तोवर बाबा शेजारच्या माणसाला सातवा भाग किती पानांचा आहे ते सांगत बसले. मग चिपळूणच्या आधी ठरवले. खेडला चहा घेतला, तेव्हा बाबा म्हणाले, "शेवटच्या भागात तेलवाल्याला घरी धाडतील असं वाटतं. झाली की त्याची नोकरी." पुढे पनवेल आले तरी सांगणे राहिलेच. मुक्काम ठाण्याला, पत्नीच्या भावाकडे.

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. आत शिरताच बाबा थांबले. पुस्तकांतल्या पात्रांची सोंगे घेतलेली माणसे : पंख लावलेल्या बायका, लोखंडी चिलखते, एकाच्या डोक्यावर पेटते दिवे. बाबा त्यांच्या कानांच्या पलीकडे बघत होते.

"काय रे, हे सगळे पैसे देऊन आलेत?"

"हो बाबा. आपल्यासारखेच."

"बरं आहे. गावच्या दशावतारात सोंगं घेतात त्यांना पैसे आपल्याला द्यावे लागतात."

आमच्या मालिकेच्या वाचकांचे टेबल डाव्या रांगेत होते. तिथे पंचवीस-सव्वीस वर्षांची एक मुलगी करड्या कपड्यांत उभी होती. वरपासून खालपर्यंत एकच कपडा, बाहीवर काळे डाग रंगवलेले. बाबांनी विचारून तिच्या बाहीचे कापड दोन बोटांत धरले.

"बॉयलर सूट," ते म्हणाले. "कापड बरोबर आहे. बटणं मात्र बाहेर ठेवू नकोस बाय. इंजिनात अडकतात. आत झाकलेली हवीत."

"तुम्हाला कसं माहीत आजोबा?"

"मी ऑइलर होतो. सव्वीस वर्षं."

मुलीने दोन्ही हात तोंडावर नेले. "खरा ऑइलर?" मग पलीकडच्या दोघांना तिने ओरडून सांगितले, ते धावत आले, बाबांना खुर्ची दिली, पाणी दिले. बाबा इतके खूश मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते. मी त्यांना तिथून उठवायला निमित्त शोधत होतो.

"तुम्ही आज आलात हे फार बरं झालं," मुलगी म्हणाली. टेबलावर तेलाची एक छोटी बुदली होती, तिला झेंडूचा हार होता, शेजारी पत्र्याची पेटी. "पाचव्या भागात ऑइलर गेला ना, तेव्हापासून आम्ही दर मेळाव्याला त्याच्या आठवणीत पैसे गोळा करतो. मुलांच्या वाचनालयाला देतो."

मी बाबांकडे पाहिले. बाबा बुदलीच्या पलीकडे बघत होते, म्हणजे बुदलीकडेच.

"हो," ते म्हणाले. "गेला बिचारा."

एवढेच. तिला काही कळू दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चल, चहा घेऊ." चहाच्या टपरीजवळ दोन खुर्च्या होत्या. मी कप त्यांच्या हातात दिला.

"कुठल्या पानावर?" त्यांनी विचारले.

"दोनशे शहाऐंशी."

"झडपेचं होतं ते?"

"हो."

त्यांनी अर्धा चहा प्यायला. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होतो.

"सहाव्या भागात तो बोलायचा," बाबा म्हणाले, "पण त्याला कोणी उत्तर देत नसे. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

नव्हते आले. मी त्याच्या तोंडी वाक्ये घातली होती, पण दुसऱ्यांच्या तोंडी त्याला दिलेली उत्तरे घातली नव्हती. ते मला सुचलेच नाही.

"एकानेही हाक मारली नाही. कोणी जेवायला बोलावलं नाही. मला वाटलं, म्हातारा झाला, हात भाजला, आता कामाचा नाही, म्हणून बाकीचे विचारत नाहीत. होतं असं बोटीवर." कप त्यांनी खाली ठेवला. "वर्षभर मला त्याचं वाईट वाटत होतं रे. तुझी आई असती तर तिने विचारलं असतं, जेवला का म्हणून. मेला होता हे कळलं असतं तर बरं होतं."

"बाबा, आई नुकतीच गेली होती. तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"तुझ्या आईचं तू मला तोंडावर सांगितलंस. दवाखान्याच्या पायरीवर. मी पडलो का?"

"नाही."

"मग?"

"मला ते पान मोठ्याने वाचता आलं नसतं," मी म्हणालो. "तुमचं काही नव्हतं त्यात."

बाबांनी माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. तो हात जड आहे अजून.

"आज वाचता येईल?"

पाचवा भाग घरी होता. मी परत टेबलाकडे गेलो आणि त्या मुलीकडे मागितला. तिची प्रत पेन्सिलच्या खुणांनी भरलेली होती. ती पुस्तक घेऊन माझ्याबरोबरच आली. मी दोनशे शहाऐंशीवे पान उघडले आणि मराठीत वाचायला सुरुवात केली. एकदा थांबावे लागले. बाबा म्हणाले, "घाई नाही." झडप लागते, बाहेर सगळे उभे राहतात, त्याचा पेला कोणीतरी धुऊन जागेवर ठेवते, इथपर्यंत साडेतीन पाने आहेत. ती मी सगळी वाचली.

"त्याची ड्यूटी कोणी घेतली?" बाबांनी विचारले.

"स्वयंपाकीणबाईने," मुलगी म्हणाली. तिचे डोळे पुसून झाले होते. "मी हे कधी मराठीत ऐकलं नव्हतं. आमच्या घरी सांगता येईल आता."

मग बाबांनी मला विचारले, मेल्यानंतरची त्याची ती वाक्ये कोणाची होती. मी म्हणालो, बहुतेक दुसऱ्यांची, सात माझी.

"बोटीवरून घरी आल्यावर माणसाने पहिले तीन दिवस काही ठरवू नये, हे कोणाचं?"

"माझं."

"मी ते अख्ख्या वाडीला सांगितलंय," बाबा म्हणाले. "असू दे. खरंच आहे ते."

सातवा भाग आठशे नव्याण्णव रुपयांना मिळाला. आम्ही निघालो तेव्हा बाबा पुन्हा त्या टेबलापाशी थांबले आणि त्यांनी मुलीला सांगितले की बोटीवर माणूस गेला तर मेसच्या टेबलावर चादर पसरतात. जो तो जमेल ते टाकतो, कागदावर लिहून ठेवतात आणि रक्कम त्याच्या घरी जाते. ह्या तेलवाल्याची वर्गणी आमच्याकडून राहिली आहे.

सात हजार चारशेपैकी किती उरले ते त्यांनी मला विचारले. परतीचे भाडे बाजूला काढून पाचशे बासष्ट उरत होते. पाचशेची नोट त्यांनी स्वतः चाचपून पेटीत घातली. मुलीने पावतीपुस्तक उघडून नाव विचारले. बाबांनी स्वतःचे नाव सांगितले नाही.

पावती माझ्या रजिस्टरात चिकटवलेली आहे. रुपये पाचशे फक्त. मुलांच्या वाचनालयासाठी. देणार : इंजिनरूमची सगळी माणसे.