बबनला एक गोळी गिळायला लावायची होती

अख्ख्या ठाकुर्लीत असा माणूस नाही ज्याला मी बोलून गुंडाळलेलं नाही. एकच राहिला, बबन, आणि त्याला गुंडाळायला जमलं असतं तर आज माझी पोरगी हे लिहून घेत बसली नसती. मी बोलतोय, ती लिहितेय. माझी शाळा तिसरीतच संपली, मास्तरांनीही हुश्श केलं.

दसऱ्याच्या सकाळी बबनच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. "भावजी, गेले हो..." एवढंच. मी दारात तोरण बांधत होतो. बायको आतून धावत आली, कारण माझं गप्प बसणं आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

बबन आणि मी मंडप घालायचो. तो बांबूवर चढायचा आणि मी खालून सूचना द्यायचो, कारण मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. गेल्या वर्षी दोघांनाही बीपी निघालं. माझं कळल्यावर हा म्हणतो, "सद्या, तुझ्या डोक्यात चढायला आहे काय?" डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, रोज नाश्त्यानंतर एक गोळी, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही. मी घ्यायचो, कारण माझी बायको बशीत गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. बबन मात्र स्वतःहून घ्यायचा, नेमाने. अगदी घटस्थापनेपर्यंत.

नवरात्र त्याचं कडक. पायात चप्पल नाही, दिवसभर पाणी आणि आरतीनंतर एखादं केळं. मी विचारलं, "आणि गोळी रे?"

"डॉक्टरीण काय म्हणाली? नाश्त्यानंतर. नाश्ताच नाही तर गोळी कसली?"

मला ते एकदम पटलं. मला पटलं म्हणजे त्यात काहीतरी चुकतंय, हे मात्र बायकोने लगेच ओळखलं. तेवढ्यात वहिनीच घरी आल्या. "तुमचं ऐकतात ते. कसंही करा, पण गोळी घ्यायला लावा."

मग मी सगळे खेळ करून पाहिले. देवीचा आवाज काढून म्हटलं, "बबन्या, गोळी घे, मी रागावणार नाही." तो म्हणाला, देवीचा आवाज इतका बेसुर नसतो. पुजारीकाकांना मध्ये घातलं. ते म्हणाले, औषधाने उपवास मोडत नाही. "तुमचा नसेल मोडत," बबन म्हणाला, "माझा मोडतो." डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, त्यांनी आत्ताच्या आत्ता ये म्हणून झापलं. "दसऱ्याला उपवास सुटला की येतो," म्हणाला आणि फोन माझ्या खिशात कोंबून वर चढला.

दसऱ्याच्या कार्यक्रमाचा मंडप चाललेला. तो वर, मी खाली, आणि माझी मान आखडलेली. मधेच तो बांबूला कपाळ टेकवायचा. "डोकं दुखतंय का रे?" "उपाशी माणसाचं दुखणारच." मग मी उगाच काहीबाही विचारत राहायचो, सुतळी पुरली का, कापड कुठलं लावू... वरून शिवी आली की माझ्या जिवात जीव यायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी शिव्यांची वाट बघायचो.

अष्टमीला तो खाली उतरला आणि काहीतरी बोलला, पण शब्द लडबडले. तोंड एका बाजूला ओढलेलं. मी बोंबललो, "रिक्षा आणा रे! बबनला काहीतरी झालंय!"

आणि लोक हसले.

दर वर्षी मंडपात मी दारुड्याची नक्कल करतो आणि बबन मला साथ देतो, त्यांना वाटलं तेच चाललंय. "सद्या, यंदा एकदम झकास!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी त्याला काखेत धरून रडतोय, आणि जितका रडतोय तितके हे हसताहेत. जन्मभर लोकांना हसवायला मरत होतो, त्या दिवशी एकाचंही हसू थांबवता येईना... शेवटी हार विकणाऱ्या मावशींना बबनचा लोंबणारा हात दिसला. त्या सरळ एका रिक्षेला आडव्या झाल्या. कल्याणच्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या, मी हॉस्पिटल येईपर्यंत बडबडत होतो. तो माझ्याकडे बघत होता. शिवी काही आली नाही. डोक्यात रक्तस्राव झालाय, तिथले डॉक्टर म्हणाले.

परवा वहिनींकडे गेलेलो. घट कधीच हलवलेत, पण देव्हाऱ्यात देवीच्या टाकाशेजारी गोळ्यांची अख्खी पट्टी ठेवलेली, वर हळदकुंकू. मी बघतच राहिलो.

"घटस्थापनेला त्यांनीच ठेवली," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, नऊ दिवस हिने सांभाळाव्यात. मला तिथून उचलवत नाही."

काहीतरी मोठं बोलावं, त्यांना बरं वाटेल असं, म्हणून मी छाती पुढे काढली. "वहिनी, येत्या एकादशीला मी बबनच्या नावाने उपवास धरणार. कडक. त्याच्यासारखा."

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं. "आजची गोळी घेतलीत?"

"निघायच्या गडबडीत राहिली..."

"मग उठा, घरी जाऊन ती आधी गिळा. आणि त्यांच्या नावाने उपवास धरायचाच असेल ना भावजी, तर बडबडीचा धरा."