स्टुलावरची मोटारसायकल

भवानी पेठेतल्या जॅकेटांच्या दुकानात मी त्यांना हसलो, ती चूक माझीच. आमच्या टॉवेल कारखान्यातले हे गृहस्थ प्रत्येक जॅकेट घालून स्टुलावर बसत होते आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करत होते.

“किक मारा की आता!” मी म्हणालो. सगळे हसले.

“बाही वर सरकती का बगतोय, राव. पानी हितनंच शिरतंय.”

मी ऐटबाज, तोकड्या बाह्यांचं जॅकेट घेतलं. पुढे आम्ही दोघं आपापल्या गाडीवर केम गावाहून येताना ऐन थंडीत पाऊस लागला. कोपरापर्यंत भिजून माझी बोटं ब्रेकवर वळेनात. त्यांनी मला थांबवून स्वतःचं जॅकेट काढून दिलं. “घाला. माझं घर जवळच हाय.”

त्यांचं घर माझ्या घराच्याही पुढे होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच दुकानात नेलं. स्टुलावर बसलो, हात पुढे केले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “चुकलो. माफ करा.”