हलती इंदुबाई

परवापरवापर्यंत गडबमध्ये इंदुबाईला मोटारसायकलवर मागे कुणी घेत नव्हतं. नाक्यावर ती मिनीडोर रिक्षाची वाट बघत उभी असली आणि ओळखीचा कुणी पेणच्या बाजूला निघालेला असला, तर तो मान दुसरीकडे फिरवायचा आणि गाडी हाणायचा. हलती इंदुबाई हाय ती, मागं बसली की गाडी गेलीच, असं तिच्यादेखत बोलायलाही माणसं कमी करत नव्हती. हे नाव गावानं पाडलं नाही. घरच्या माणसानं पाडलं, आणि त्या माणसाबद्दल गोड बोलून ही हकिगत सांगता येणार नाही.

तो माणूस म्हणजे तिचा नवरा गुणाजी. मिठागरावरच्या मुकादमाचा मुलगा. एकोणनव्वद साली अष्टमी गावचा नूरमहंमद आखातात नोकरीला निघाला तेव्हा त्याची बुलेट गुणाजीनं घेतली. गावातली पहिली बुलेट. त्या दिवसापासून या माणसाचे पाय जमिनीला लागायचे बंद झाले. वाण्याकडून काडेपेटी आणायची तरी बुलेट काढायचा आणि अख्ख्या आळीला आवाज ऐकवून परत यायचा. गाडी सुरू होताना खोकली की पहिली शिवी बायकोला, कारण रात्री गाडीवर गोणपाट नीट टाकलं नसेल तिनंच.

भात कापून खाचरं मोकळी झाली की त्याची शाळा भरायची. गावातले बाप्ये एकेक करून गाडीवर बसायचे आणि हा शेवरीची काठी घेऊन बाजूनं धावायचा. त्या बुलेटचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. "उजवा गियर, डावा ब्रेक" असं तो घसा फोडून सांगायचा, आणि जो चुकेल त्याच्या नडगीवर काठी बसायची. नाक्यावर आता चहाची टपरी चालवतो तो जनू, त्याच्या नडगीवर अजून वण आहे आणि तो ते कौतुकानं दाखवतो. आज गावात जी माणसं पन्नाशीच्या पुढे आहेत, त्यातल्या निम्म्यांना गाडी गुणाजीनं शिकवली. हे मात्र खरं आहे, त्याचं श्रेय काढून घ्यायचं नाही.

इंदुबाईनं एकदाच विचारलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अंगात हौस होती. मला पन शिकवा की, म्हणाली. खाचराच्या बांधावर सगळी शाळा बसली होती. गुणाजी त्यांच्याकडे बघून हसला, मग ती सगळी हसली. "बायकांनी मागं बसायचं नि हलायचं नाय," एवढंच तो बोलला. त्यानंतर तिनं कधी तोंड उघडलं नाही. पावसाळ्यात गाडी सुरू होईना की चिखलातून ढकलायची तिनं, चाकातला चिखल काडीनं उकरायचा तिनं, आणि बाजाराला जाताना पदर खोचून, दोन्ही पाय डावीकडे टाकून मागे बसायचं.

तसं बसलेल्या बाईला दिसतं काय? पुढ्यातल्या माणसाची पाठ आणि खाली त्याचा डावा पाय. सव्वीस वर्षं तिनं तो पाय बघितला. चपलेचं टोक खाली गेलं की गाडी थांबणार, म्हणजे आपण आधीच सीटची कड धरायची, हे तिला इतकं पाठ झालं होतं की झोपेतही जमलं असतं. उजव्या अंगाला काय चालतं ते तिला कधी दिसलंच नाही.

पुढे बुलेट भंगारात गेली आणि मुलानं, मितेशनं, जहाजावर नोकरीला जायच्या आधी नवी मोटारसायकल आणून दारात उभी केली. गुणाजीनं तिला नाव ठेवलं, शिलाई मशीन. तरी आठवडाभरानं, अष्टमीत दिलेल्या लेकीचं, समीक्षाचं डोहाळजेवण आलं तेव्हा तीच काढली. मितेश सगळं नीट दाखवून देत होता, तर गुणाजी म्हणाला, गावाला गाडी शिकवली मी, तू काल झालास. इंदुबाई मागे बसली. मांडीवर करंज्यांचा डबा, पायाशी ओटीची पिशवी.

नागोठण्यापर्यंत नीट गेले. निडीच्या अलीकडच्या वळणावर गाय आडवी आली. इंदुबाईला गाय दिसली नाही, तिला गुणाजीच्या चपलेचं टोक खाली गेलेलं दिसलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिनं सीटची कड धरली. गाडी थांबली नाही. गाईला चुकवून ती रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर चढली आणि डाव्या अंगावर पडली. खाली इंदुबाईची नडगी होती.

शुद्धीवर आली तेव्हा गुणाजी डॉक्टरांना सांगत होता की ही मागं हलली नि तोल गेला. मग तेच त्यानं समीक्षाच्या सासरी सांगितलं, घरी बघायला येणाऱ्यांना सांगितलं आणि सहा वर्षं जनूच्या टपरीवर सांगत राहिला. इंदुबाईच्या पायात सळी बसली. गुडघा पुरता दुमडत नाही म्हणून पाटावर बसून पोह्याचे पापड लाटायचं तिचं काम सुटलं, चार बायकांतलं बसणं सुटलं. आणि खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तिला ते पटलं होतं. आपण हललो असू, असंच ती धरून चालली. त्या बिचाऱ्यानं तीन-तीनदा ब्रेक दाबला, तरी आपल्यामुळे गाडी गेली, म्हणून सहा वर्षं ती नवऱ्याच्या शिव्या खाली मान घालून ऐकत होती.

गाडी शिकायची तिला आता हौस उरली नव्हती. पण नाक्यावर उभं राहून राहून ती विटली. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी चाळीस मिनिटं मिनीडोर आली नाही आणि ओळखीच्या तिघांनी मान फिरवली, तेव्हा ती तशीच लंगडत घरी आली आणि सुनेला म्हणाली, मला शिकव. सून नम्रता निडीची, चार भावांत वाढलेली. नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टला तीच ती मोटारसायकल घेऊन जायची. तिनं कारण विचारलं नाही. आपला सलवार-कुर्ता काढून दिला आणि सुट्टीच्या दिवशी सासूला कापलेल्या खाचरात घेऊन गेली. तेच खाचर.

गुणाजी बांधावर येऊन उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बायकोची सलवार बघून त्यानं आधी तोंड वाकडं केलं, मग जिभेचा पट्टा सुरू केला. मागं धड बसता येत नाय नि पुढं बसली. दुसरी सळी टाकायला जागा हाय काय पायात? नम्रतानं त्याच्याकडे पाठ केली आणि क्लच कसा सोडायचा ते दाखवलं. पहिला गियर तिनंच हातानं पाडून दिला, कारण सासूचा मोडका पाय अजून नीट उचलत नव्हता. बाकीचं मग बघू, आधी नुसता तोल सांभाळा, असं म्हणाली. गाडी निघाली. गाडी सरळ जात होती. खाचर संपत आलं आणि नम्रता मागून ओरडली, आई, ब्रेक.

इंदुबाईनं डावा पाय दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी थांबली नाही. बांधावर पुढचं चाक आपटलं आणि ती आडवी झाली.

नम्रता धावत आली. तिला उठवता उठवता म्हणाली, "डाव्या पायात गियर असतो आई. ब्रेक उजव्या पायात."

इंदुबाई उठलीच नाही. भाताच्या धसांवर तशीच बसून राहिली. कुठल्या पायात म्हणालीस, म्हणून तिनं परत विचारलं, आणि नम्रतानं परत तेच सांगितलं. आताच्या सगळ्या गाड्यांना असंच असतं, बुलेटचं उलटं होतं, बाबांना माहीत असेल की. इंदुबाईच्या डोळ्यांसमोर ते चपलेचं टोक आलं. डावं. सळी बसलेल्या पायाच्या तळव्यापासून निघालेली आग थेट तिच्या डोक्यात गेली. बांधावर गुणाजी अजून हसत होता. हलली, हलली, असं आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत होता.

घरी येऊन तिनं हातपाय धुतले नाहीत. पडवीत झोपाळ्यावर तो बसला होता, त्याच्यासमोर मातीच्या कपड्यांनी जाऊन उभी राहिली. पस्तीस वर्षांत नवऱ्याला ती 'तुमी' म्हणत आली होती.

"निडीला कुठल्या पायानं ब्रेक दाबलास तू?"

तिचा 'तू' ऐकून झोपाळा थांबला. एरवी त्यानं हात उचलला असता. पण दारात नम्रता उभी होती, आणि तिला दोन्ही गाड्यांचं गणित कळत होतं. गुणाजी दाराकडे बघत म्हणाला, डाव्या.

"नि तुला कधी कळलं?"

"पडलो तवाच," तो म्हणाला. "गावाला गाडी शिकवली मी. चुकीचा पाय दाबला म्हणून कुणाला सांगणार व्हतो?"

हे एवढं. एवढ्यासाठी एका बाईनं सहा वर्षं स्वतःला गुन्हेगार समजायचं. माफ कर वगैरे तो काही बोलला नाही, आणि बोलला असता तरी इंदुबाईनं ऐकून घेतलं नसतं. ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. जेवणाचं ताट त्याच्यासमोर आदळायची आणि गाडीची चावी घेऊन खाचरात जायची. पौष सरेपर्यंत ती गियर टाकायला शिकली, माघात नाक्यापर्यंत जाऊन आली. पाय दुखायचा. दुखू दे, म्हणायची. लायसन्सची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली.

चैत्रात समीक्षाच्या घरी पूजा निघाली. आईवडील दोघांनी यायचं, असा लेकीचा हट्ट. गुणाजीच्या गुडघ्यांनी एव्हाना दगा दिला होता, त्याला गाडी चालवणं शक्य नव्हतं. इंदुबाईनं गाडी दारात आणली आणि तोंडानं काही न बोलता नुसती मागच्या सीटकडे मान केली. त्यानं पाय टाकून बघितला. टाकता येईना. शेवटी दोन्ही पाय डावीकडे सोडून, बाईमाणसासारखा तो मागे बसला.

वाटेत जनूची टपरी लागते. तिथं तिनं गाडी थांबवली आणि बंद केली. सकाळची गर्दी होती, गुणाजीच्या शाळेतलीच पाच-सहा माणसं बाकावर बसली होती. त्याला तसं बसलेलं बघून जनूला हसू आवरेना. गुणाजीदादा, सांभाळा, पुढं हलती इंदुबाई हाय, म्हणाला.

इंदुबाईनं मागे न बघता सांगितलं, "सांग त्यांना. सांगेपर्यंत गाडी सुरू व्हनार नाय."

गुणाजी चल म्हणाला. ती हलली नाही. त्यानं दबक्या आवाजात एक शिवी दिली, ती तिनं ऐकून घेतली आणि हँडलवर हात ठेवून बसून राहिली. चहा उकळून उतू गेला, जनूचं तिकडे लक्ष नव्हतं. उतरून चालू लागावं तर पाय नाहीत, बसून राहावं तर सगळे बघतात. गुणाजीनं जमिनीकडे बघितलं.

"ही नाय हलली निडीला," तो म्हणाला. "नवी गाडी व्हती. मी डावा दाबला."

दुसऱ्या कुठल्या गावात हे समजावून सांगावं लागलं असतं. इथं लागलं नाही. डावा ब्रेक नडगीवर काठी खाऊन शिकलेली ती माणसं होती. जनूनं हात पुसायच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि स्टोव्ह बारीक केला. कुणी हसलं नाही. इंदुबाईला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही, उलट सहा वर्षांचा राग नव्यानं आला. तिनं किक मारली, क्लच दाबून मोडक्या पायानं गियर पाडला, आणि गाडी जोरात निघाली तसं मागे गुणाजीनं घाबरून तिचा खांदा धरला.

"हात काढ," ती म्हणाली. "मागं बसायचं नि हलायचं नाय."