‘येते’ म्हणायची खोड

मला कुणी काही विचारलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडून ‘येते’ निघायचं. कॉलेजच्या फेस्टचं डेकोरेशन? येते. मैत्रिणीच्या जर्नलमधल्या आकृत्या? दे, काढते. चुलत बहिणीच्या हळदीच्या साड्या घ्यायला कॅम्प चारच्या कापडबाजारात? येते ना! मोरिवलीच्या आमच्या घरात मी फक्त जेवायला उगवायचे. आई वैतागून म्हणायची, “येका टायमाला कवऱ्या ठिकानी नाचनार हायस गो तू?” मी म्हणायचे, “लोकांना माझी गरज असते, आई.” केवढा तो माज!

त्यातच मी ताईलाही हो म्हणून बसले होते. ताई म्हणजे आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली, अंबरनाथ पूर्वेला राहणारी मुलगी. तिला दिसत नाही. परीक्षेत ती सांगणार आणि रायटर लिहिणार. रायटर खालच्या वर्गातला लागतो. मी दुसऱ्या वर्षाला. तिचा पेपर मीच लिहायचा आणि तोवर मंगळवारी-शनिवारी चार वाजता जाऊन नोट्स वाचून दाखवायच्या, असं ठरलं. सगळ्या कामांत हेच मला मनापासून हवं होतं. आणि सगळ्यात उशिरा मी तिथेच पोचायचे, कारण ती कधी ओरडायची नाही.

एका मंगळवारी हद्द झाली. कॉलेजात कागदी फुलं चिकटवत होते, तेवढ्यात बहिणीचा फोन, “मी दुकानात उभी आहे, तू कुठे मेलीस?” धावत कॅम्प चारला. शेठ गठ्ठ्यांवर गठ्ठे उलगडतोय, बाईसाहेबांना एक साडी पसंत पडेल तर शपथ! मग शेअर रिक्षा भरेना. ताईकडे पोचले तेव्हा सहा वाजले होते. ती टेबलाशी तशीच बसलेली, नोट्स काढून ठेवलेल्या. मी धापा टाकत वाचायला लागले आणि लवकर संपावं म्हणून दोन पानं गाळली.

“मधलं काही राहिलं का गं?” ताईने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

खाली उतरले आणि माझीच मला लाज वाटली. दिसत नाही तिला, आणि मी फसवलं! दोन दिवस डोकं भणभणत होतं. शुक्रवारी फेस्टच्या हेडला सांगितलं, मला नाही जमणार. वाटलं होतं, आभाळ कोसळेल. तो म्हणाला, “ओके, चलेगा,” आणि दहा मिनिटांत ग्रुपवर दुसऱ्या मुलीचं नाव. उलट मलाच राग आला. मैत्रिणीला जर्नल परत केलं. बहिणीने तोंड फुगवलं, “माझ्या हळदीपेक्षा मोठी कोण लागून गेली?” तेही गिळलं.

शनिवारी पावणेचारलाच ताईकडे हजर. दारातूनच म्हणाले, “ताई, सगळं सोडलं! आता फक्त तुझा पेपर.”

आत पहिल्या वर्षाची, बदलापूरहून येणारी एक मुलगी नोट्स वाचत होती. मी गाळलेलीच पानं होती ती.

ताईने मला शेजारी बसवलं. “रायटरच्या फॉर्मवर हिचं नाव दिलं मी. काल कॉलेजची सहीपण झाली.”

“एक दिवस उशीर झाला म्हणून?” माझा आवाज चढला.

“उशिराचं नाही गं. हिला आधी मंगळवारचं विचारलं, तर म्हणाली, मंगळवारी नाही जमणार, शनिवारी येते. तू कधी नाही म्हणतच नाहीस. मग तुझं ‘येते’ धरून मी बसू कशी?”

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. तिचा नाही, माझाच. ती मुलगी सावकाश, एकही ओळ न सोडता वाचत राहिली. मी चहा घेऊन ऐकत बसले. उठवेना.

ताईच्या पेपरच्या दिवशी सकाळी मला कुठेच जायचं नव्हतं. आत-बाहेर, आत-बाहेर करून पाय दुखले. अकरा वाजले, पेपर सुरू झाला असणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणाला तरी खरंखुरं ‘येते’ म्हणायचं होतं, आणि मला कुणी बोलावलंच नव्हतं.