शांतता पुरस्कार आणि जाड पोळ्या

तुमच्याकडे कधी शांततेच्या पुरस्कारावरून भांडण झालंय का हो? आमच्याकडे झालंय! आणि तेही असं, की दोन बायकांनी एकमेकींशी बोलणंच टाकलं.

कर्वेनगरातल्या आमच्या पोळी-भाजी केंद्रात किस्से रोज साठतात. हात कामात अडकलेले आणि तोंडं मोकळी, दुसरं काय होणार? मी विजू. कणीक मळते आणि तयार पोळ्या डब्यात भरते. समोर ओट्यापाशी कुंदाकाकू स्टुलावर बसून लाटतात आणि त्यांच्या शेजारी शीलाताई भाजतात. काकू नारायण पेठेतल्या, शीलाताई नागपूरकडच्या. पोळी लाटून झाली की काकू वर न बघता म्हणतात, "घ्या!" शीलाताईही न बघता उचलतात, "आली!" सकाळभर हे 'घ्या-आली' चालू असतं. त्याच तालावर माझी कणीक मळून होते.

*

केंद्र आशाताईंचं. त्यांचा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बातम्या चालू असतात. त्या दिवशी परदेशातला एक बडा पुढारी सांगत होता, युद्ध मीच थांबवलं, तेव्हा जगातला तो मोठा शांतता पुरस्कार मलाच मिळायला हवा.

"मागून घेतात त्याला पुरस्कार नाही म्हणत, वाढदिवसाची भेट म्हणतात," काकू म्हणाल्या.

"काऊन? थांबवलं असंल तर द्या ना त्याले! आपलं काय जाते?" शीलाताई म्हणाल्या.

"थांबलंय का ते आधी बघा. शिट्टी थांबली म्हणून लगेच कुकर उघडतात का?"

तेवढ्यात काउंटरवर आपटेकाका आले. समोरच्या सोसायटीत राहतात. रोज पोळ्या नेतात आणि रोज आदल्या दिवशीच्या पोळ्यांची तक्रार करतात. आमचा वाद त्यांनी शांतपणे ऐकला.

"आधी माझा डबा द्या," ते म्हणाले. "जगाचं नंतर बघू. आणि कालची पोळी काठाला कच्ची होती."

*

दुसऱ्या दिवशी तोच विषय निघाला, तेव्हा शीलाताईंनी त्यांच्या घरचीच गोष्ट सांगितली. त्यांचे दोन भाऊ प्लॉटवरून कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेवटी तिथल्या एका पुढाऱ्यानं दोघांना समोरासमोर बसवलं आणि मिटवलं. मग चौकात फ्लेक्स लावला. 'दोन भावांचा मिलाप घडवणारे!' त्यावर पुढाऱ्याचा हा एवढा फोटो, आणि भाऊ खाली कोपऱ्यात.

"भाऊ केवढे? पासपोर्ट साइज?" काकूंनी विचारलं.

भाजी चिरणाऱ्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले. शीलाताई हसल्या नाहीत.

"फोटो लहानच होता," त्या म्हणाल्या. "पण या दिवाळीत माझ्या आईनं दोघांना एका पंगतीत वाढलं. त्या माणसानं आणखी चार फ्लेक्स लावले तरी मला चालते."

काकूंनी इथं थांबायला हवं होतं. पण पेठेतली जीभ!

"पुढची दिवाळी येऊ द्या, मग बोलू."

शीलाताईंनी गॅस बारीक केला. त्यानंतरच्या पोळीला काकू "घ्या" म्हणाल्या, पण "आली" काही ऐकू आलं नाही.

*

मग निरोप माझ्यामार्फत सुरू झाले. दोघींमध्ये अंतर हातभर!

"विजू, त्यांना सांग, तवा गार पडलाय."

"विजूताई, त्यांना सांगा, तवा गरमच आहे. लाटणं हळू चाललं आहे."

ताल गेला तशा पोळ्या बिघडल्या. एक कच्ची, एक करपलेली. आपटेकाकांच्या तक्रारी पहिल्यांदाच खऱ्या ठरायला लागल्या.

"तुमचं काम अवघड आहे," ते मला म्हणाले. "दोन्हीकडचं ऐकायचं आणि आपलं कुणी ऐकायचं नाही. बरं, तुमचं मत काय? त्या पुढाऱ्याला पुरस्कार द्यावा की नाही?"

मला आजवर जगाच्या राजकारणावर कुणी मत विचारलं नव्हतं. पण उत्तर माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

"ज्यांचं भांडण होतं त्यांना विचारावं," मी म्हटलं. "ते एका पंगतीत बसले असतील तर खुशाल द्यावा. थांबवणाऱ्यालाच विचारून काय कळणार?"

आपटेकाकांनी मान डोलावली. मग डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं.

"मत चांगलं आहे. पोळी करपली आहे."

*

आशाताईंना हे कळल्यावर त्यांनी पुढाकार घेतला. दोघींना ओट्यासमोर उभं केलं, एकच पोळी दोघींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हसा!" दोघी हसल्या. फोटो निघाला. लगेच स्टेटसवर चढला, 'आमच्या केंद्रात शांतता करार!' गिऱ्हाइकांचे अंगठे आले, फुलं आली, जोडलेले हात आले. आशाताई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, मीच मिटवलं! पाच मिनिटांत!"

आणि त्यांच्या पाठीमागे शीलाताई मला सांगत होत्या, "विजूताई, त्यांना सांगा, फोटो झाला. आता पोळी सोडा म्हणावं."

त्याच दुपारी डबे घासताना शीलाताई हळूच म्हणाल्या, "माझं कोथरूडच्या एका केंद्रात बोलणं झालं आहे. पुढच्या महिन्यापासून तिकडं जाते. काकूंना सांगू नका."

इतक्या दिवसांत हा एकच निरोप असा होता, जो मला पोचवायचा नव्हता. आणि तोच पोटात ठेवणं सगळ्यात जड गेलं.

*

त्यानंतरच्या शनिवारी मोठी ऑर्डर होती. शीलाताईंनी एक पोळी उचलली आणि थांबल्या. दुसरी उचलली. एका बाजूला जाड, एका बाजूला कागदासारखी. काकूंच्या हातून अशी पोळी? त्यांनी गॅस बंद केला आणि सरळ काकूंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मनगट दाखवा."

मनगट टम्म सुजलं होतं.

"कालपासून आहे. त्यात काय एवढं?" काकू म्हणाल्या.

"उठा."

"अहो, ऑर्डर आहे..."

"उठा म्हणते ना, काकू!"

काकू उठल्या आणि तव्यापाशी गेल्या. शीलाताईंनी पोळपाट पुढे ओढला, पोळी लाटली.

"घ्या!"

काकूंनी डाव्या हातानं ती उचलली आणि खिडकीकडे धरून नीट पाहिली.

"ही पोळी आहे की उशी?"

शीलाताई इतक्या हसल्या की लाटणं खाली ठेवावं लागलं.

"हसताय काय? घ्या म्हणालात ना? आली!"

थोड्या वेळानं, तव्यावरची नजर न काढता, काकूंनी विचारलं, "कोथरूडला चालतात का हो एवढ्या जाड पोळ्या?"

मी शपथेवर सांगते, मी एक अक्षर बोलले नव्हते!

शीलाताईंचं लाटणं क्षणभर थांबलं. "नाही चालत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इथंच राहते."

तेवढ्यात मंडईतून आशाताई आल्या. दारातच त्यांच्या कानावर 'घ्या-आली' पडलं. भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी मोबाईल काढला.

"बघा! माझ्या कराराचा परिणाम! म्हटलं नव्हतं मी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी मला हातानं थांबवलं.

"असू दे, विजू. देऊन टाक पुरस्कार. आपलं काय जाते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शीलाताईंनीच लाटलं, काकूंनी भाजलं, आणि आपटेकाका जाड पोळ्यांचा डबा घेऊन एकही तक्रार न करता घरी गेले.